दशावतार, पण गिटारवर



आपल्या वर्गातील मोठी मुले हेडफोन लावून जे ऐकतात, ते चुकून मोठ्याने वाजले की घरोघरी एकच प्रश्न येतो, "हा काय गोंगाट?" या गोंगाटाचे नाव मेटल. त्याच्या सर्वांत उग्र प्रकाराला एक्स्ट्रीम मेटल म्हणतात, आणि जे बँड त्यात लांब, वळणे घेत जाणाऱ्या रचना करतात त्यांना प्रोग्रेसिव्ह. ही मंडळी नॉर्वेत फार. पण आपल्या मुंबईतही आहेत.

आधी गिटारच्या त्या खरखरीचे पाहू. तिचा एक धागा आपल्या दाराशीच आहे. २०७ नंबरच्या बसने अक्सब्रिज रोडवरून गेले की हॅनवेल लागते. तेथे १९६० साली जिम मार्शल यांनी वाद्यांचे दुकान काढले आणि दोन-तीन वर्षांत त्यांचे प्रसिद्ध अॅम्प्लिफायर तयार होऊ लागले. अॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त आवाज दिला की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात. त्या कापण्यातून मूळ स्वराच्या वर नवे स्वर उमटतात, आणि आवाज जाड व खरखरीत होतो. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हाही एका तारेतून अनेक स्वर निघतात. रीत वेगळी, पण हौस तीच : एका तारेतून पुष्कळ काही ऐकू यावे!

आता ते गुरगुरणे. ते नुसते ओरडणे नव्हे. स्वरतंतूंच्या वरचे पडदे थरथरवून तो आवाज काढतात आणि त्यासाठी सराव लागतो. (मुलांनो, घरी करून पाहू नका, घसा बसेल.) कोकणातील दशावतारी नाटकात संकासुर किंवा एखादा राक्षस गर्जत रंगमंचावर येतो, तेव्हा कोणी म्हणत नाही की हा गोड का गात नाही? राक्षसाने राक्षसासारखेच बोलावे.

हे उदाहरण आम्ही उगीच घेतले नाही. मुंबईत २००० साली साहिल मखीजा यांनी 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा बँड काढला. त्यांच्या २०१७ च्या अल्बमचे नावच 'दशावतार'. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह असे करत कल्कीपर्यंत दहा अवतारांची दहा गाणी. गीते इंग्रजीत आहेत. २०१० साली हा बँड ओस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात, म्हणजे थेट नॉर्वेकरांच्या अंगणात, वाजवून आला. हेच साहिल पुढे यूट्यूबवर स्वयंपाक शिकवू लागले, हे आमच्या घरात गाण्यांपेक्षा लवकर पसंत पडले.

नावात 'डेमॉनिक' पाहून पालकांना धास्ती वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नॉर्वेतील या वर्तुळातल्या काही तरुणांनी चर्चेस जाळली, खूनही झाले. पण त्याच देशात १९९१ साली हाउगेसुंद गावी ईवार ब्योर्न्सन आणि ग्रुटले शेलसन या तेरा आणि सतरा वर्षांच्या मुलांनी 'एन्स्लेव्ड' हा बँड काढला. त्यांनी वाट धरली जुन्या नॉर्स पुराणांची. सुरुवातीची काही गाणी त्यांनी इंग्रजी सोडून जुन्या नॉर्स आणि आइसलँडिक भाषेत केली. वाढत्या वयाबरोबर संगीत पसरत गेले, गुरगुरण्याच्या जोडीला साधे, सुरेल गाणे आले. २०२३ चा त्यांचा अल्बम देवांचा पहारेकरी हाइमडाल याच्या नावाचा आहे. मुलांनी आजीआजोबांची भाषा आणि पुराणे अशी उचललेली पाहिली की शनिवारी सकाळी अंथरुणातून ओढून वर्गाला आणलेली आपली मुले आठवतात.

ऐकायचे कसे? पहिल्यांदा गाणाऱ्याकडे दुर्लक्ष करावे आणि फक्त ढोल ऐकावेत. वादक दोन्ही पायांनी मोठा ढोल वाजवत असतो, लय कुठे दुप्पट होते ते बोटांवर मोजावे. दुसऱ्यांदा गिटारची एकच ओळ धरून ठेवावी. शब्द तिसऱ्यांदा, कागदावर वाचत. सगळेच आवडेल असे नाही. आम्हाला सलग दहा अवतार झेपत नाहीत, तीन झाले की चहा लागतो.

सुरुवात 'नृसिंहा'पासून करावी. खांब, उंबरठा आणि तिन्हीसांजेची गोष्ट मुलांना आधी मराठीत सांगावी, मग गाणे लावावे. आवाज बेताचा ठेवावा, आपल्या घरांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आहेत.