आजच्यापुरती भाकर

नगरला आमच्या आळीत दिवाळीचा फराळ वर्षातून दोनदा यायचा. एकदा दिवाळीत, आमच्या घरून शेजाऱ्यांकडे. दुसऱ्यांदा डिसेंबरात, नाताळला, शेजाऱ्यांकडून आमच्याकडे. त्याच करंज्या, त्याच चकल्या, शंकरपाळे थोडे जास्त गोड. वरून जाळीचा रुमाल आणि ताटाच्या कडेला केकचा तुकडा, एवढाच फरक. शेजारच्या आजी मिशनच्या शाळेतून मास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. ताट परत करताना आई त्यात मूठभर साखर घालायची. रिकामं ताट परत करायचं नाही, हा नियम दोन्ही घरांत एकच होता.

त्या घरी संध्याकाळची प्रार्थना व्हायची. येशूने शिष्यांना शिकवलेली ती प्रार्थना भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मला पाठ झाली होती. तीत भाकर मागितलेली आहे आणि ती फक्त आजच्यापुरती मागितली आहे. वर्षाचा गहू किंवा कणगीभर ज्वारी मागितलेली नाही. लहानपणी मला हे मागणं फार कमी वाटायचं. देवाकडे मागायचंच तर एवढंसं का? पुढे मराठी ख्रिस्ती माणसांची चरित्रं वाचू लागलो, तेव्हा लक्षात आलं की ती सगळी त्या एका भाकरीभोवती फिरतात. कुणी ती मागितली, कुणी थापली, कुणी दुसऱ्याला देऊन टाकली. दिवसापुरतं जगणं म्हणजे काय, हे त्यांच्या धर्मचर्चेपेक्षा त्यांच्या चुलीपाशी जास्त समजतं, असं माझं मत झालं आहे.

सुरुवात रेल्वेच्या डब्यातून करू. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने टिळकांना बायबल दिलं. टिळक वाचू लागले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. हे प्रवचन पाच ते सात अशा तीन अध्यायांचं आहे. रोजच्या भाकरीची प्रार्थना त्यातल्या सहाव्या अध्यायात येते. त्याच अध्यायाच्या शेवटी आकाशातली पाखरं येतात, पेरणी-कापणी न करताही पोट भरणारी, आणि उद्याची काळजी न करण्याचा सल्लाही तिथेच आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्या अध्यायातून टिळकांनी पाखरं उचलली आणि भाकर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली, असं मी गमतीने म्हणतो. पण लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्याला यात फार गंमत वाटणार नाही. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. घरात काय शिल्लक आहे याची चौकशी न करता दारी आलेल्याला देणं हा त्यांचा स्वभावच होता. पाहुणे, विद्यार्थी, कवी, भणंग यांना त्यांच्या दारात कधी मज्जाव नव्हता. बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाचा तो दरबार. कल्पना मोठी होती. पण दरबार भरला की माणसं जेवायला बसतात आणि पिठाचा डबा दरबारी कल्पनेने भरत नाही. टिळकांचा ‘आज’ त्यांना परवडला, कारण त्यांच्या घरात ‘उद्या’ची राखण करणारं माणूस होतं.

लक्ष्मीबाई मूळच्या जलालपूरच्या, नाशिकजवळच्या. जन्म १८६८ चा. आजोबा सत्तावनच्या धामधुमीत फासावर गेले आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. मीठसुद्धा धुवायचं. धुतलेल्या मिठाचं काय होतं, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच ठाऊक! लक्ष्मीबाईंनी हे सगळं हसत सांगितलं आहे, पण त्या हसण्याखाली त्या घरातल्या बायकांचे किती दिवस गेले असतील याचा हिशेब दडलेला आहे.

अशा घरातल्या मुलीच्या नवऱ्याने धर्म बदलला. लक्ष्मीबाई सुरुवातीला नवऱ्यापासून दूर पंढरपुरात, नातलगांत राहिल्या. पुढे टिळकांसोबत राहायला आल्या, तरी चूल वेगळी आणि पाणी वेगळं. एका छपराखाली नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली. टिळकांनी सक्ती केली नाही, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. मग बाईंनी आपल्या मनाशीच वाद सुरू केला. जाती देवाने केल्या की माणसाने? माणसाने केल्या असतील, तर त्या मी का पाळू? हा वाद ग्रंथाच्या आधाराने झाला नाही. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या पंगतीला बसायचं, अशा रोजच्या प्रश्नांवर तो एकेक पाऊल पुढे गेला. सोवळं गेलं आणि मगच १९०० साली बाप्तिस्मा झाला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी माणसाच्या हातचं पाणी गोड लागलं, देवाच्या नावाचं पाणी डोक्यावर पडलं ते नंतर.

पुढे प्लेगच्या दिवसांत याच बाई आजाऱ्यांच्या शुश्रूषेला उभ्या राहिल्या. आपलीच माणसं आपल्या माणसांना टाकून पळत होती, असा तो काळ. मीठ धुणाऱ्या बापाची लेक गाठ आलेल्या परक्या माणसाचं अंग पुसते, यापेक्षा मोठं धर्मांतर मराठी साहित्यात मला दुसरं ठाऊक नाही. आणि बाई हे सांगतात कसं? बाजारातून मेथीची जुडी आणल्याचं सांगावं, तसं. तारा नावाच्या मुलीला त्यांनी पोटच्या पोरीसारखं वाढवलं, तेही तितक्याच सहजपणे. शेजाऱ्यावर प्रेम करा वगैरे मोठी वाक्यं त्यांच्या लेखनात शोधावी लागतात. शेजारी मात्र पानोपानी भेटतात.

आता केडगावला येऊ. पुणे–दौंड लोहमार्गावरचं हे छोटं स्टेशन. पंडिता रमाबाईंनी इथे १८९५ च्या सुमारास शंभर एकर जमीन घेतली होती. पुण्यातल्या त्यांच्याच शारदा सदनातल्या विधवा मुलींना फळं-भाजी मिळावी, थोडं उत्पन्न व्हावं, एवढाच तेव्हाचा बेत. १८९६–९७ चा दुष्काळ पडला आणि रमाबाई मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, वर सरकारी निर्बंध, म्हणून त्या मुलींना केडगावच्या माळावर नेलं. त्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० चा गुजरातचा दुष्काळ सरला तेव्हा मुक्तीत सुमारे दोन हजार माणसं जेवत होती.

रमाबाई दुष्काळात धावून का गेल्या, याचं उत्तर त्यांच्या आधीच्या आयुष्यात आहे. वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण ही तिन्ही माणसं १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, तीर्थयात्रेच्या वाटेवर, अन्नावाचून आणि आजाराने गेली. कलकत्त्याच्या पंडितांनी पुढे ज्यांना ‘सरस्वती’ म्हटलं, त्या बाईने विशीच्या आत भुकेचं सगळं व्याकरण शिकून घेतलं होतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे मतभेद झाले, कारण त्यांची बुद्धी कुणाच्या आज्ञेत राहणारी नव्हती. भुकेपुढे मात्र त्यांनी कधी वाद घातला नाही.

मुक्तीला ठरलेलं उत्पन्न नव्हतं. ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांचा आदर्श रमाबाईंपुढे होता : देवाकडे मागायचं आणि जे येईल त्यावर चालवायचं. म्हणजे टिळकांची पाखरंच. पण रमाबाईंनी पाखरांवर भरवसा ठेवून विहिरी खणायचं थांबवलं नाही. विहिरी खणल्या, बागा लावल्या, गाई पाळल्या, मुलींच्या हातात माग आणि तेलाचा घाणा दिला, आणि छापखानाही. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून पानं बांधण्यापर्यंत सगळं काम बायकाच करत. आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन काढलं आणि ब्रेल शिकवलं. टिळकांचा भरवसा आणि लक्ष्मीबाईंचा पिठाचा डबा, दोन्ही एकाच बाईत नांदले. मराठी ख्रिस्ती समाजात हा मेळ इतका पुरता मला फारसा कुठे दिसत नाही.

त्याच छापखान्यात रमाबाईंच्या आयुष्याची शेवटची वर्षं गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतलं. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचत होतं, त्या बाईने मुद्दाम संस्कृत टाळलं आणि नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या खेड्यातल्या बाईला समजेल अशी भाषा निवडली. भाषांतर म्हणून ते सगळीकडे गोड नाही. काही ठिकाणी मूळ भाषेचा ओढा इतका आहे की मराठी अडखळते. पण वाचणारी कोण, हे ठरवून लिहिणं ही विद्वत्तेची सोपी बाजू नव्हे. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ‘पोटासाठी बाटले’ हे शब्द या समाजाने शंभर-सव्वाशे वर्षं ऐकले आहेत. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केलं जातं या आरोपावरून १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि ‘केसरी’ने तोफा डागल्या. आरोप सगळाच पोकळ नव्हता. रमाबाईंची श्रद्धा झाकून राहणारी नव्हती आणि आश्रित मुलीची निवड किती मोकळी असते, हा प्रश्न आजही खराच आहे. पण ‘पोटासाठी’ या शब्दातली कुचेष्टा मला कधी पटली नाही. ज्या धर्माची मुख्य प्रार्थनाच भाकरीपाशी येते, त्यात पोटाची लाज कशाला? आणि गावकुसाबाहेरच्या ज्या महार-मांग कुटुंबांनी नगर जिल्ह्यात हा धर्म घेतला, त्यांच्या ताटात भाकर का नव्हती, हे विचारायचं कुणी?

दुसरी बाजू त्याहून बोचरी आहे. देवळात एकत्र बसणाऱ्यांनी घरात सोयरीक जुळवताना जुनी जात आठवली. लक्ष्मीबाईंनी जे ओझं स्वतःशी भांडून खाली ठेवलं, ते अनेकांनी नव्या घरातही नेलं. राज्यसंस्थेने तर उलटा न्याय केला : १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राहिला, पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच आहेत. गाव जात विसरत नाही आणि कागद ती मानत नाही. या कात्रीत रोजचा दिवस काढणाऱ्याला प्रेमावर प्रवचन द्यायला जाणाऱ्याने आधी दोनदा विचार करावा.

मराठी ख्रिस्ती माणसांच्या कामाचा आढावा म्हटला की मिरजेचं नाव घ्यायलाच हवं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय उघडलं आणि पुढे तिथेच वैद्यकीय शिक्षणही सुरू केलं. मिरज आज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्याचं मूळ तिथे आहे. गोव्याकडे फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ तर मराठी ख्रिस्ती लेखनाच्या परंपरेचं पहिलं पान. त्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की मी इथे थांबतो.

वसईत मात्र भाकरीऐवजी पाणी येतं. उत्तर कोकणातल्या जुन्या ख्रिस्ती समाजाने शेती कधी सोडली नाही. मुंबई परिसरातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरात ‘आगेरा’ साजरा करतात : भाताची पहिली लोंबी चर्चमध्ये आणायची, फादरांनी तिला आशीर्वाद द्यायचा. भातशेती न उरलेल्या उपनगरातही हा सण चालू आहे, त्यात थोडं हसू आणि बरंच दुःख आहे. वसईची केळीची आणि फुलांची बागायत विहिरींवर उभी होती. इमारती आल्या, टँकर आले, विहिरी आटू लागल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे प्रमुख चेहरा झाले. ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन करणारा, ‘सुबोध बायबल’ लिहिणारा धर्मगुरू पाण्यासाठी आणि गुंडगिरीविरुद्ध रस्त्यावर उतरला. शेजाऱ्यावर प्रेम करायचं तर शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी कोण उपसून नेतं, हेही बघावं लागतं, एवढा साधा त्यांचा हिशेब होता. २०२० च्या जानेवारीत ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून आक्षेप घेणारे निघालेच. दिब्रिटो चाकाच्या खुर्चीत बसून तिथे गेले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

पुन्हा एकदा लक्ष्मीबाईंकडे जातो, कारण त्यांचं एक काम सांगायचं राहिलं आहे. टिळकांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबलं. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. शाळेचं तोंडही धड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालवायचं ठरवलं. मधल्या काळात वसतिगृहाची देखरेख झाली, कराचीचा मुक्काम झाला, नातवंडं झाली, ‘स्मृतिचित्रे’चं लेखन झालं. या सगळ्याच्या फटींत बसून त्यांनी एकेक अध्याय रचला. साठांहून अधिक झाले. शेवटची जोड मुलाने, देवदत्तांनी दिली. १९३६ च्या फेब्रुवारीत नाशिकला लक्ष्मीबाई वारल्या आणि ‘ख्रिस्तायन’ छापून आलं ते १९३८ साली.