कंबर, तालीम आणि पहाटेचा पहिला तास

पैलवानाची कंबर धरली की तालमीत दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, सहा महिने माती सोड. दुसरा म्हणतो, चार दिवस मालीश कर आणि मेहनत चालू ठेव, आपोआप सुटेल. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 साली खासबागेचे मैदान उभे राहिले, पेठापेठांतून तालमी नांदू लागल्या. तेव्हापासून गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या मल्ल घडवले. अंग कसे कमवावे याचे इतके बारीक ज्ञान असलेल्या या शहरात दुखावलेले अंग कसे सांभाळावे याचे ज्ञान मात्र या दोन टोकांत अडकून पडावे, हे पटण्यासारखे नाही. दोन्ही सल्ले आपुलकीने दिलेले असतात, पण दोन्ही अपुरे आहेत. कमरेला उसण भरलेल्या बहुतेक पैलवानांनी तालीम सोडण्याची गरज नसते. बदलायचा असतो तो मेहनतीचा क्रम, तिची मात्रा आणि वेळ.

आधी विश्रांतीचे पाहू. खाशाबा जाधवांनी 1952 साली ज्या हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, त्याच शहराच्या नगरपालिकेतील 186 कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. कंबर नुकतीच धरलेल्या या लोकांचे तीन गट केले होते. एका गटाला दोन दिवस अंथरुणात पडून राहायला सांगितले, दुसऱ्याला कमरेचे व्यायाम दिले आणि तिसऱ्याला सोसेल तेवढे रोजचे काम करत राहा, एवढेच सांगितले. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट आणि सर्वांत मागे राहिला तो अंथरुणातला. पण व्यायाम दिलेला गटही रोजच्या कामाच्या गटाच्या मागेच होता, हे विसरून चालणार नाही. म्हणजे ताज्या दुखण्यात पडून राहणे जसे नडते, तसे कमरेच्या मागे लागून तिला मोकळी करण्याचा हट्टही फायद्याचा ठरत नाही. दुखणे तीन महिन्यांपलीकडे गेले की मात्र व्यायामाचे महत्त्व वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात ठरवून दिलेल्या व्यायामाची शिफारस आहे, तर कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढण्याचे उपचार नेहमीच्या वापरात टाळावेत असे म्हटले आहे. आपल्याकडे पट्टा आधी येतो आणि व्यायाम राहूनच जातो.

तालमीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची माहिती वेळेविषयीची आहे. दोन मणक्यांमधली गादी रात्रभर आडवे पडल्यावर पाणी शोषून फुगते. दिवसभर अंगाचा भार पडून ते पाणी हळूहळू बाहेर जाते. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर उंच असतो, आणि उंचीतली ही घट निम्म्याहून अधिक उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच होते. फुगलेली गादी वाकवली की तिच्यावर आणि मागच्या अस्थिबंधांवर येणारा ताण संध्याकाळच्या तुलनेत खूपच जास्त असतो, हे 1987 साली प्रयोगशाळेत मोजले गेले. पुढे 1998 साली स्टोव्हर स्नूक या अमेरिकन संशोधकाने जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना एवढेच शिकवले की सकाळी उठल्यावर काही वेळ कमरेतून वाकायचे नाही. तेवढ्याने त्यांचे दुखणे कमी झाले. आता तालमीचा दिनक्रम आठवून पाहा. पहाटे चारला उठायचे, लंगोट लावायचा, फावडे घेऊन हौद्याची माती उकरायची, मग जोर आणि सपाटे. फावड्याने माती ओढताना कमरेतून वाकणे, भार आणि पीळ हे तिन्ही एकाच वेळी येतात. निरोगी कंबर सवयीने हे पेलते. दुखावलेल्या कमरेसाठी मात्र दिवसातली सर्वांत वाईट वेळ आणि सर्वांत वाईट हालचाल इथे एकत्र येतात.

यावर वस्ताद म्हणतील की पहाटेची मेहनत हा तालमीचा कणा आहे, ती हलवता येत नाही. शिवाय पोरांना दिवसा शाळा-कॉलेज असते, कुणाला नोकरी, कुणाला शेत. हे खरे आहे, आणि पहाट सोडा असे म्हणण्याचे कारणही नाही. पहिला तास वेगळ्या कामाला लावला की पुष्कळ साधते. दुखऱ्या कमरेच्या पैलवानाने उठल्यावर आधी चालावे. रंकाळा तलावाला एक फेरी झाली तरी उत्तम. मग खांदे, मान, मनगटे मोकळी करावीत. दोर चढण्याने हात, पाठ आणि पकड कमावली जाते आणि मणक्यावर वरून दाब येत नाही. उतरताना मात्र हाताखाली हात घेत उतरावे, वरून उडी टाकू नये. माती उकरण्याचे काम त्या काळात जोडीदाराने करावे. वाकण्याची मेहनत घ्यायचीच तर ती शेवटी, किंवा संध्याकाळच्या सत्रात.

मेहनतीचे प्रकारही थोडे बदलावे लागतात. आपला पारंपरिक जोर कमरेला पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे अशा दोन्ही टोकांना नेतो. काही आठवडे अंग फळीसारखे सरळ ठेवून साधे जोर काढले तर छाती-दंडाची मेहनत होते आणि कंबर स्थिर राहते. बैठक पूर्ण खाली गेली की शेवटच्या वितभर अंतरात कंबर आत गोल होते. तेवढे अंतर सोडून अर्धी बैठक मारावी, मांड्या कमी दमत नाहीत. गदा आणि मुद्गल फिरवताना पीळ येतो, म्हणून ती थोडी उशिरा. कमरेभोवतीच्या स्नायूंसाठी कॅनडाच्या स्टुअर्ट मॅकगिल या मणकातज्ज्ञाने सुचवलेले तीन व्यायाम तालमीच्या कोपऱ्यातही करता येतात. पहिल्यात उताणे पडून एक गुडघा दुमडायचा, हात कमरेखाली ठेवायचे आणि डोके-खांदे जरासे उचलायचे. दुसऱ्यात कुशीवर होऊन कोपर आणि पायांवर अंग तोलायचे. तिसऱ्यात गुडघे-हातांवर ओणवे राहून एक हात आणि विरुद्ध पाय लांब करायचा. प्रत्येक वेळी दहाएक सेकंद धरायचे आणि सोडायचे. लढतीकडे परतताना आधी उभ्याने पकडी, मग हलक्या जोडीबरोबर पट, आणि समोरच्याला खांद्यावर उचलण्याचा कलाजंग किंवा वाकून फेकण्याची धोबीपछाड सर्वांत शेवटी.

मात्रा ठरवायची कशी? इथे दुसऱ्या दिवसाची सकाळ हाच पंच. मेहनत करताना थोडे दुखले आणि सकाळी कंबर आदल्या दिवसाइतकीच असली तर मात्रा बरोबर. सकाळी जास्त आखडली तर एक पायरी मागे यावे. पायात उतरणारी कळ हळूहळू वर सरकून कमरेपुरती राहिली तर ती सुधारणा समजावी, मग कमरेत थोडे अधिक दुखले तरी चालेल. उलट कमरेतले दुखणे पोटरीकडे उतरू लागले तर त्या दिवशी ती हालचाल थांबवावी.

एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते, मग मेहनत कशी करायची, ही शंका रास्त आहे. पण 1994 साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या 98 लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा 52 टक्के लोकांच्या निदान एका गादीला फुगवटा होता आणि सर्व गाद्या निर्दोष असलेले फक्त 36 टक्के निघाले. त्यामुळे नुसत्या छायाचित्रावरून कुणाची कुस्ती संपली असे ठरवू नये. पायातली ताकद, बधिरता आणि तपासणीत डॉक्टरांना काय आढळते, याच्याशी ते चित्र जुळले तर त्याला अर्थ येतो.

विश्रांती खरोखरच लागते अशीही एक अवस्था आहे, आणि ती नेमकी कोवळ्या पैलवानांत दिसते. बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची कंबर मागे वाकताना एका बाजूला दुखत असेल आणि दोन-तीन आठवड्यांत थांबत नसेल, तर मणक्याच्या मागच्या कमानीला ताणाने बारीक तडा गेलेला असू शकतो. वेगवान गोलंदाज, जिम्नॅस्ट आणि कुस्तीगीर यांच्यात ही दुखापत ओळखीची आहे. इथे हाडाला जुळायला वेळ द्यावा लागतो, बहुधा तीन महिने किंवा अधिक, आणि तोवर मानेवरचा पूल, मागे झोकून फेकण्याचे डाव बंद. मालीश करून असा मुलगा पुन्हा मातीत उतरवणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय. याखेरीज लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातले बळ झपाट्याने जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच तासाला कोल्हापुरातले सीपीआर रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. ताप, उतरणारे वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल तर मणक्याच्या क्षयाचीही तपासणी हवी.

जुने मल्ल दुखणे अंगावर काढूनच मोठे झाले, असा शेवटचा आक्षेप असतो. मोठे झालेल्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. कंबर गेली म्हणून विसाव्या वर्षी गावी परतलेल्या पोरांची नावे कुठल्याच तालमीच्या भिंतीवर नाहीत, त्यामुळे या दाव्याचा हिशेब एकाच बाजूने मांडलेला आहे. त्यात पैशाचीही गोष्ट आहे. खुराकाचा खर्च शेतकरी बाप उसाच्या बिलातून भागवतो आणि जत्रेतल्या मैदानाच्या इनामावर पोराची नजर असते. म्हणून वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन मैदानात उतरण्याचा मोह होतो. औषधाने कळ झाकली जाते, पण दुखावलेल्या भागाची ताकद वाढत नाही, आणि कुठे थांबायचे हे सांगणारी खूणही त्या दिवशी नाहीशी होते.

दिवाळी संपली की गावोगावच्या जत्रांची मैदाने सुरू होतील. वस्तादांना विनंती एवढीच आहे की या हंगामात कंबर धरलेल्या पोराला घरी पाठवू नका आणि फावडेही हातात देऊ नका. त्याला पहाटे जोडीदारांबरोबरच उठवा, चालायला लावा, दोरावर चढवा, आणि रोज सकाळी मेहनतीआधी त्याची कंबर कशी आहे ते स्वतः विचारा.