मिठाच्या पुंजांतील ‘जादुई संख्या’

मिठाचा दाणा भिंगाखाली धरला, तर त्याच्या कडा काटकोनात जुळलेल्या दिसतात. सोडियमचे धनभारित आणि क्लोरीनचे ऋणभारित आयन त्यात बुद्धिबळाच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या घरांप्रमाणे, परंतु तिन्ही दिशांना, आळीपाळीने रचलेले असतात. मात्र हाच दाणा लहान होत होत अवघ्या पंचवीस-तीस आयनांवर आला, तर ही रचना टिकते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी अशा पुंजांचे वजन करण्याचा मार्ग अवलंबिला. ‘मास स्पेक्ट्रोमेट्री’ अर्थात वस्तुमानमापन हे त्याचे नाव.

या पद्धतीत क्षारावर वेगवान आयनांचा मारा करून त्याचे सूक्ष्म पुंज उडविले जातात आणि विद्युतभारित पुंज वस्तुमानानुसार वेगळे केले जातात. अशा अभ्यासासाठी सिझियम आयोडाइड हा क्षार विशेष सोयीचा ठरला. क्लोरीनचे ३५ व ३७ वस्तुमानाचे दोन स्थिर समस्थानिक असल्याने साध्या मिठाच्या नोंदीतील शिखरे विभागली जातात. सिझियम आणि आयोडीन यांचा मात्र प्रत्येकी एकच स्थिर समस्थानिक आहे.

१९८१ साली अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी या क्षाराच्या पुंजांची नोंद प्रसिद्ध केली. पुंज मोठा होत जाईल तशी त्याची संख्या घटत जावी, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात क्षाराच्या १३, २२, ३७ अशा जोड्या आणि एक जादा सिझियम आयन असलेले पुंज शेजाऱ्यांहून ठळकपणे अधिक आढळले. अशा संख्यांना ‘जादुई’ म्हटले जाते. पण त्यामागे साधी भूमिती आहे. १३ जोड्या आणि एक आयन मिळून २७ होतात, म्हणजेच तीन गुणिले तीन गुणिले तीनचा परिपूर्ण घन. २२ जोड्यांचे ४५ आयन तीन-तीन-पाचच्या, तर ३७ जोड्यांचे ७५ आयन तीन-पाच-पाचच्या ठोकळ्यात चपखल बसतात. १४ जोड्या असल्या, तर घन पूर्ण होऊन दोन आयन बाहेर चिकटून राहतात. त्यांना शेजारी थोडे, म्हणून त्यांची पकडही सैल.

तथापि एक मूलभूत प्रश्न उरला होता. हे पुंज मुळातच अधिक संख्येने जन्माला येतात, की इतर मोडून पडल्यावर तेवढेच शिल्लक राहतात? १९८३ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी उड्डाणकाळ मोजून याचा उलगडा केला. या पद्धतीत सर्व पुंजांना विद्युतक्षेत्राचा सारखाच रेटा मिळतो; हलके लवकर पोहोचतात, जड उशिरा. रेटा मिळाल्यानंतर वाटेत एखादा पुंज फुटला, तरी त्याच्या तुकड्यांचा वेग जवळपास तोच राहतो आणि ते मूळ पुंजाच्याच वेळी पोहोचतात. त्यामुळे ही नोंद जन्मानंतरच्या अगदी सुरुवातीच्या क्षणांची ठरते. तीत शिखरांची उंची क्रमाक्रमाने घटत गेली. जादुई संख्यांचा उठाव दिसलाच नाही. तापलेले, अपूर्ण रचनेचे पुंज प्रवासात क्षाराची जोडी टाकून देतात आणि सुबक ठोकळे तेवढे तगतात, हे त्यावरून स्पष्ट झाले.

या निष्कर्षाचे महत्त्व मिठापुरते मर्यादित नाही. औषधांची शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही हेच तंत्र वापरले जाते आणि सिझियम आयोडाइडच्या पुंजांची अचूक ज्ञात वस्तुमाने अशा उपकरणांचे अंशांकन करण्यास उपयोगी पडतात. पडद्यावर उंच शिखर दिसले, म्हणजे तो पदार्थ मूळ नमुन्यातही तितकाच विपुल होता, असे मानता येत नाही. नोंद केव्हा घेतली आणि तोवर काय मोडून गेले, याचा हिशेब आधी मांडावा लागतो.