जपू द्या त्याले

दिवाळी उलटून गेली होती. कपाशीच्या वेचण्या जोरात होत्या आणि कापसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या पारोळ्याच्या रस्त्याने जिनाकडे निघाल्या होत्या. पन्नासएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्याचा सालदार अशाच गाडीवर, कापसाच्या ढिगावर बसून येत होता. नाल्याच्या उतारावर चाक दगडावर चढले, गाडीने हिसका खाल्ला आणि तो वरून खाली आला. कानशील दगडावर आपटले. घटकाभर शुद्ध नव्हती म्हणे. मग तो उठला, धोतर झटकले आणि बैल सावरायला धावला.

घरी आल्यावर सगळ्यांनी त्याला घेरले. ‘काई नई व्हयनं भाऊ, डोकं जराखं दुखस,’ तो म्हणाला. कोणी हळद लावली, कोणी चहा दिला. चहा पिऊन तो ओसरीवर आडवा झाला. मालकीणबाई म्हणाल्या, ‘थकेल शे. जपू द्या त्याले.’ आमच्या अहिराणीत जपणे म्हणजे झोपणे. तिन्हीसांजेला तो मोठ्याने घोरू लागला तेव्हा गाढ झोप लागली म्हणून सगळ्यांना बरेच वाटले. रात्री जेवायला उठवू गेले तर तो उठेना. जीप मिळवून, पस्तीसएक किलोमीटरवरच्या धुळ्याला नेईपर्यंत सारे आटोपले होते.

‘नशिबात होतं,’ असे म्हणून गल्ली आपल्या कामाला लागली. मीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना त्या संध्याकाळचा अर्थ लागला, आणि तो फार अस्वस्थ करणारा होता.

कानशिलाचे हाड पातळ असते. त्याच्या आतल्या बाजूने, हाडातल्या खाचेतून मेंदूच्या आवरणाची एक रोहिणी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते, आणि कवटी व आवरण यांच्या मध्ये रक्त साठू लागते. मेंदूला इजा झालेलीच असेल असे नाही. त्यामुळे काही रुग्ण शुद्धीवर येतात, बोलतात, चालतात, चहा पितात. आत मात्र रक्ताची गाठ वाढत असते. कवटी ही बंद पेटी. तिला फुगता येत नाही. दाब वाढला की माणूस पेंगुळतो, एका डोळ्याची बाहुली मोठी होते, श्वास घरघरू लागतो. आम्ही ज्याला झोप समजलो ती झोप नव्हतीच. आणि यावरचा उपाय? कवटीला भोक पाडून रक्ताला वाट करून द्यायची. मेंदूला हातही लावावा लागत नाही.

कवटीला भोक पाडणे माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. काश्मीरमधल्या बुर्झहोम येथे सापडलेल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका कवटीवर अशा भोकांच्या खुणा आहेत. पेरू देशातल्या प्राचीन कवट्यांमध्ये भोकाच्या कडा भरून आलेल्या दिसतात. म्हणजे ती माणसे शस्त्रक्रियेनंतरही जगली. मग हजारो वर्षे हात चालवता येत असूनही मेंदूची शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत का थांबली? सुरीच्या आधी आणि सुरीच्या नंतर जे लागते ते तोवर जमले नव्हते, हे त्याचे उत्तर.

२५ नोव्हेंबर १८८४ चा लंडनमधला दिवस घ्या. पंचविशीतला एक शेतकरी. डाव्या हाताला झटके येत आणि तो हात लुळा पडत चाललेला. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून अकरा वर्षे होती. ह्यूज बेनेट या वैद्यांनी झटके कुठून सुरू होतात, कसे पसरतात, कोणती हालचाल आधी गेली हे बारकाईने टिपून ठेवले आणि मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका नेमक्या जागी बोट ठेवले. रिकमन गॉडली या शल्यविशारदाने तिथेच कवटी उघडली. गाठ होती, अक्रोडाएवढी! ती निघाली आणि रुग्ण शुद्धीवर आला. वैद्यकाच्या इतिहासात हा दिवस सोन्याने लिहावा असा. पण पुढचे पान काळे आहे. जखम चिघळली आणि अठ्ठावीस दिवसांनी तो तरुण जंतुसंसर्गाने गेला. गॉडली हे जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांचे सख्खे भाचे, तरीही. निदान जिंकले, सुरी जिंकली. खाटेवर मात्र हार झाली.

ही हार टाळण्याची विद्या ज्या गावात आकाराला आली ते ग्लासगो. कारखान्यांचे, धुराचे, स्कॉटलंडमधले शहर. लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाचा वापर १८६५ मध्ये सुरू केला तो तिथल्याच रॉयल इन्फर्मरीत. त्यांचे विद्यार्थी विल्यम मॅकइवेन यांनी १८७९ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीच्या मेंदूच्या आवरणावरची गाठ काढली. ती मुलगी त्यानंतर आठ वर्षे जगली आणि गेली ती मूत्रपिंडाच्या विकाराने. मॅकइवेन हत्यारे उकळून घेत, स्वच्छ अंगरखा घालून शस्त्रक्रिया करीत. मेंदूत पू झालेल्या एकोणीस रुग्णांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांपैकी अठरा वाचले, हा हिशेब त्यांनी १८९३ मध्ये मांडला. प्रतिजैविकांचा मागमूसही नव्हता तेव्हाची ही गोष्ट.

याच १८९३ मध्ये त्याच रुग्णालयाच्या मेट्रन रिबेका स्ट्राँग यांनी मॅकइवेन यांच्या साथीने परिचारिकांसाठी वॉर्डात पाऊल टाकण्याआधीचा रीतसर अभ्यासक्रम सुरू केला. शरीरशास्त्र, स्वच्छता, निरीक्षण हे आधी शिकायचे आणि मग रुग्णाजवळ जायचे. मॅकइवेन यांचे नाव वैद्यकाच्या ग्रंथांत आहे, स्ट्राँगबाईंचे फारसे कोणी घेत नाही. पण अठरा माणसे वाचतात तेव्हा रात्री दोन वाजता त्यांच्या उशाशी कोणी तरी जागे असते, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेतल्या हार्वे कुशिंग यांची कथाही अशीच. विद्यार्थी असताना त्यांच्या हातून ईथर देताना एक रुग्ण दगावला. ते फार खचले. मग कॉडमन या सहाध्यायासोबत त्यांनी एक साधी गोष्ट केली: शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाची नाडी आणि श्वास दर काही मिनिटांनी कागदावर मांडायला सुरुवात केली. हे १८९४-९५ चे. १९०१ मध्ये इटलीत पाहिलेला रक्तदाब मोजण्याचा दंडपट्टा त्यांनी अमेरिकेत नेला. पुढे रक्तस्राव थांबवण्यासाठी चांदीच्या बारीक चिमट्या आल्या, १९२६ मध्ये विजेने रक्तवाहिन्या बंद करण्याचे यंत्र आले, आणि कुशिंग मेंदूच्या शस्त्रक्रियेचे अध्वर्यू ठरले. सुरुवात मात्र त्या कागदापासून होती.

आपल्याकडे काय चालले होते? मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय १८४५ मध्येच उभे राहिले. १८५१ च्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. डॉक्टर तयार होऊ लागले, पण रुग्णालयावर लोकांचा विश्वास बसायला फार काळ गेला. ‘इस्पितळात गेला तो आडवाच बाहेर यायचा’ हीच समजूत. त्यात १८९६ नंतरच्या प्लेगमध्ये सोजिरांनी घरात घुसून माणसे ओढून नेली, आणि रुग्णालय या शब्दाचीच लोकांना धडकी बसली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १८९७ मध्ये गेल्या. एकीकडे जबरदस्ती, दुसरीकडे शुश्रूषा; लोक कशाने जवळ येतात हे सांगायला नको. मुंबईत परिचर्येच्या शिक्षणासाठी पुढे आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून बाई काशीबाई गणपत हे नाव १८९१ सालच्या नोंदीत सापडते. विटाळ-चांडाळ मानण्याच्या त्या काळात परक्याची जखम धुवायला निघालेल्या या बाईला घरादाराने काय ऐकवले असेल, याची कल्पनाच करावी.

मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग भारतात सुरू झाला तो १९४९ मध्ये, वेल्लोरला, डॉ. जेकब चँडी यांच्या हातून. पाठोपाठ १९५० मध्ये डॉ. बी. राममूर्ती मद्रासमध्ये कामाला लागले. मुंबईत डॉ. राम गिंडे आणि केईएम रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांनी ही शाखा रुजवली. कवटीच्या आत डोकावणारे सीटी स्कॅन यंत्र तेव्हा नव्हते. त्याने पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले ते लंडनमध्ये, १ ऑक्टोबर १९७१ रोजी. तोवर भिस्त होती ती रुग्णाला पुन्हा पुन्हा पाहण्यावर.

आता पुन्हा ग्लासगोकडे वळू. १९७४ मध्ये तिथल्याच टीसडेल आणि जेनेट या दोघांनी बेशुद्धी मोजण्याची एक पट्टी तयार केली. डोळे कशाने उघडतात, माणूस काय बोलतो, हातपाय कसे हलवतो, एवढे तीनच प्रश्न. डोळ्यांना चार, बोलण्याला पाच, हालचालीला सहा गुण. पूर्ण शुद्धीतल्या माणसाचे पंधरा. कमीत कमी तीन. आठ किंवा त्याखाली आले तर मामला गंभीर. मोठे महत्त्व एका वेळच्या आकड्याला नाही, तो उतरतो आहे का याला आहे. चार वाजता पंधरा, पाच वाजता तेरा, म्हणजे आत काही तरी वाढते आहे. यासाठी वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतो तो जागा राहणारा माणूस, घड्याळ आणि वही. आज जगभरच्या रुग्णालयांत हीच पट्टी वापरतात.

आमच्या ओसरीवर त्या संध्याकाळी दहा माणसे होती आणि भिंतीवर घड्याळही होते. दर अर्ध्या तासाने कोणी त्याला हलवून ‘नाव सांग, गाव सांग’ एवढे जरी विचारले असते, तरी त्याचे बोलणे जड होत चालल्याचे दिवेलागणीआधीच लक्षात आले असते. धुळ्याला पोहोचल्यावर तो वाचलाच असता असे मी म्हणणार नाही. तेव्हा तिथे त्या रात्री काय होऊ शकले असते, कोण जाणे. पण त्याला संधी तरी मिळाली असती.

आज परिस्थिती बदलली आहे. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही २०१८ पासून आहे. सीटी स्कॅनची सोय दोन्हीकडे आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. भुईकोट किल्ल्याच्या आमच्या या गावाजवळून जाणारा सुरत-नागपूर महामार्गही आता रुंद झाला आहे. बैलगाड्या कमी झाल्या, मोटरसायकली वाढल्या. हेल्मेट मात्र बऱ्याचदा आरशाला लटकलेले दिसते. आणि मोटरसायकलवरून पडलेला पोरगा उठून कपडे झटकतो, टपरीवर चहा पितो, ‘काही झालं नाही’ म्हणतो आणि घरी जाऊन झोपतो, हे आजही घडते.

डोक्याला मार लागून क्षणभर जरी शुद्ध गेली असेल, तर माणूस कितीही ठणठणीत दिसो, त्याला डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, असंबद्ध बोलणे, पेंग, झटके, एक बाहुली मोठी होणे, यांतले काहीही दिसले तर वाट पाहू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. मान फार न हलवता, श्वासाला वाट मोकळी ठेवून त्याला न्यावे आणि मार किती वाजता लागला ते सांगावे. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

मालकीणबाई आता नाहीत. मायाळू होत्या, सालदाराला घरच्यासारखे वागवीत. त्या दिवशी त्यांनी पोरांना ओसरीवरून हाकलले होते, त्याची झोपमोड होऊ नये म्हणून. पुण्या-मुंबईकडच्या मराठीत जपणे म्हणजे काळजी घेणे, सांभाळणे. आमच्याकडे त्याचा अर्थ झोपणे. त्या संध्याकाळी आमच्या ओसरीला त्या शब्दाचा पुण्या-मुंबईकडचा अर्थ माहीत असता, तर बरे झाले असते.