नोंदणी क्रमांक म्हणजे हिशेबाची हमी नव्हे

‘पावतीवर धर्मादायचा नंबर छापलाय की! मग आणखी काय बघायचं?’ औंढा नागनाथला महाशिवरात्रीची यात्रा असो की आसपासच्या गावातली कुस्त्यांची दंगल, वर्गणीचं पुस्तक पुढे आलं की हे वाक्य कानावर येतंच. जुन्या मल्लांच्या गदा, पदकं, फोटो जपणाऱ्या दालनासाठी किंवा क्रीडा संग्रहालयासाठी कुणी देणगी मागितली, तरी हेच. बोलणारी माणसं अडाणी नसतात. शिक्षक असतात, व्यापारी असतात, स्वतः एखाद्या संस्थेवर विश्वस्त असलेलेही असतात. म्हणून हा गैरसमज आधी मुळापासून काढायला हवा.

गैरसमज : संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, म्हणजे सरकारने तिचे हिशेब तपासलेले आहेत.

वस्तुस्थिती : नाही. पावतीवर ‘ई’ किंवा ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालच्या नोंदणीचा. नोंदणी करताना कार्यालय पाहतं ते एवढंच : न्यास अस्तित्वात आहे का, तो सार्वजनिक आहे का, त्याचे विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती. पुढच्या वीस वर्षांत हे विश्वस्त पैसा कसा वापरतील, याची ग्वाही तो क्रमांक देत नाही आणि देऊही शकत नाही.

मग नोंदणीचा उपयोग काय? तिच्यामुळे संस्थेवर हिशेब देण्याचं बंधन येतं. ३१ मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून घ्यायचं आणि ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक व लेखापरीक्षकाचा अहवाल कार्यालयात दाखल करायचा. पण हा लेखापरीक्षक संस्थेनेच नेमलेला असतो, त्याची फीही संस्थाच देते. जिल्ह्यातल्या प्रत्येक संस्थेचं प्रत्येक बिल सरकारी अधिकारी तपासतो, ही समजूत कशावरून रुजली कळत नाही. तपासणीचे आणि चौकशीचे अधिकार कायद्यात आहेत, कलम ३७ आणि ४१-ब वाचा; पण कागद हातात घेऊन तक्रार करणारं कुणी नसेल, तर ते बहुतेक वेळा वापरलेच जात नाहीत.

म्हणून ते कागद आपणच वाचायला शिकलं पाहिजे. अवघड काही नाही. ताळेबंद अनुसूची ८च्या नमुन्यात असतो : डावीकडे निधी आणि देणी, उजवीकडे मालमत्ता आणि येणी. समजा, डावीकडे ‘संग्रहालय इमारत निधी’ ४ लाख रुपये आहे. उजवीकडे बँकेत ४० हजार, बांधकामापुढे शून्य आणि तसलमातीपुढे ३ लाख ६० हजार. याचा सरळ अर्थ असा की लोकांनी इमारतीसाठी दिलेला पैसा उचल म्हणून कुणाच्या तरी हातात आहे. तो विश्वस्ताकडे आहे, ठेकेदाराकडे आहे की नोकराकडे, हेही त्याच नमुन्यात वेगवेगळं दाखवायचं असतं. रोख शिल्लक बँकेत किती, विश्वस्ताकडे किती, व्यवस्थापकाकडे किती, याच्याही वेगळ्या ओळी आहेत. लागोपाठ तीन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवा. तीच तसलमात तिन्ही वर्षं हललेली नसेल, तर प्रश्न विचारायची जागा सापडली.

दुसरा कागद उत्पन्न-खर्च पत्रकाचा, अनुसूची ९. त्यात आस्थापना खर्च, विश्वस्तांचं मानधन, कोर्टखर्च, किरकोळ खर्च यांच्यानंतर शेवटी ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ येतो. संग्रहालयासाठी मागितलेला पैसा संग्रहालयावर लागला का, याचं उत्तर या ओळीत आहे. ‘किरकोळ’ जर ‘उद्दिष्टां’पेक्षा मोठं असेल, तर त्याचा खुलासा मागा.

तिसरा कागद लेखापरीक्षकाचा अहवाल. त्यात त्याला ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात : रोख शिल्लक आणि व्हाउचर हिशेबाशी जुळले का, ५,००० रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का, कुणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही नीट ठेवली आहे का.

संग्रहालयाच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पण हे कलम स्थावर मालमत्तेचं आहे. चांदीची गदा, ऑलिंपिकचा कोट, पदक या जंगम वस्तू. पुराणवस्तूंचा १९७२चा कायदाही साधारणपणे शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना लागू होतो. १९५२ सालचं एखादं पदक त्यात बसत नाही. म्हणजे संग्रहालयाचा खरा ठेवा कायद्याच्या दृष्टीने सर्वांत उघडा, आणि त्याला राखण काय ती नोंदवहीची : वस्तू कोणती, कुणी दिली, कायमची दिली की सांभाळायला, आज कुठे आहे. अनेकदा अशा वस्तूंची किंमत ताळेबंदात धरलेलीच नसते. तेव्हा ताळेबंद चोख असूनही कपाट रिकामं असू शकतं. एका कुटुंबाने विश्वासाने दिलेली गदा कुठे गेली हे दहा वर्षांनी सांगता येत नसेल, तर तिथे लेखापरीक्षणाचा शिक्का कुणाच्या कामाचा?

हा विषय आपल्याकडे वरवरचा नाही, कारण महाराष्ट्राची कुस्ती लोकांच्या पैशावरही उभी राहिली आहे. मल्ल खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिल्याचं सांगतात. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यातून आलं. आणि जाहीर झालेली कुस्ती अकादमी खाशाबांच्या गावी, गोळेश्वरला, उभी राहिली नाही म्हणून, २०१७ साली त्यांच्या कुटुंबाला ते पदक लिलावात काढण्याची भाषा करावी लागली. घोषणा आणि बँकेत जमा झालेली रक्कम यांतलं अंतर याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आता राहिलेले गैरसमज थोडक्यात.

‘प्रत्येक क्रीडा संग्रहालय धर्मादाय असतं.’ पुण्याचं ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ एका संग्राहकाच्या वैयक्तिक संग्रहातून २०१२ साली उभं राहिलं, तर २०२५ साली वानखेडेवर झालेलं संग्रहालय मुंबई क्रिकेट असोसिएशन या नोंदणीकृत संस्थेचं आहे. पैसे कुणाच्या खात्यात जातात हे आधी पाहा.

‘८०-जी आहे, म्हणजे संस्था प्रामाणिक.’ ही मान्यता देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देते, संस्थेला चारित्र्याचा दाखला देत नाही. शिवाय २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ही सवलत मिळत नाही.

‘दर्पण पोर्टलचा क्रमांक आहे.’ ती नीती आयोगाकडची नोंद आहे, तपासणी नव्हे.

‘आस्थापना खर्च जितका कमी तितकी संस्था चांगली.’ संग्रहालयात राखणदार, विमा, वाळवी आणि ओल यांपासून जपणूक हेच मुख्य काम, तेव्हा तो खर्च जवळजवळ शून्य दिसला तर वस्तूंची काळजी वाटली पाहिजे.

‘पैसा शिल्लक आहे, म्हणजे दाबून ठेवला.’ आयकराच्या नियमांत ठरावीक कामासाठी निधी साठवायची सोय आहे. फक्त काम कोणतं आणि मुदत किती, हे लेखी हवं.

‘खासगी संस्थेकडे माहिती मागता येत नाही.’ सरकारकडून भरीव निधी घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही माहिती अधिकाराखाली येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या निकालात सांगितलं आहे.

‘हिशेब मागणं म्हणजे अविश्वास.’ मँचेस्टरचं राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालय धर्मादाय संस्था आहे, आणि तिचे वार्षिक हिशेब इंग्लंड आणि वेल्सच्या धर्मादाय आयोगाच्या संकेतस्थळावर कुणीही, कारण न सांगता, फुकट वाचू शकतो.

आपल्याकडेही धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव शोधता येतं आणि जिल्ह्याच्या न्यास नोंदणी कार्यालयात नकलेसाठी अर्ज करता येतो. मोठी देणगी देण्याआधी शेड्यूल वनचा, म्हणजे न्यास नोंदवहीचा, उतारा मागा आणि त्यावरची विश्वस्तांची नावं आज कारभार पाहणाऱ्यांशी जुळतात का ते बघा. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तीन वर्षांचे ताळेबंद मागा. संग्रहाची नोंदवही मागा आणि तिच्यातल्या कुठल्याही दोन वस्तू दाखवायला सांगा. ज्यांनी निष्ठेने काम केलं आहे ते हे सगळं आनंदाने पुढे ठेवतील, आणि त्यांचं काम इतरांपासून वेगळं ओळखायचा दुसरा मार्ग आपल्याकडे नाही. नोंदणीने आपल्याला विचारण्याचा हक्क दिला आहे. विचारायचं काम मात्र आपल्यालाच करायचं आहे.