किल्लारीनंतरचा टाळ-मृदंग
३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाचे ढोल-ताशे जेमतेम थांबले असता जो भूकंप झाला, त्यात मौजे किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांतील दगडमातीची घरे निजलेल्या माणसांवर कोसळून सुमारे दहा हजार जीव गेले. आमच्या सेलूसह अवघा मराठवाडा शोकाकुल झाला. अशा समयी गायन अनुचित, असे मला मुळीच वाटत नाही. कारण वारकऱ्याची अंत्ययात्राच टाळ-मृदंगाच्या गजरात निघते, आणि तेराव्याला कीर्तन होते. शिवाय पंचनामे चालू असतानाच, पितृपक्ष सरताच घटस्थापना आली, रब्बी ज्वारीची पेरणी आली. काळ्या जमिनीतली ओल तर कोणाच्याही सुतकासाठी खोळंबत नाही.