चर्मपटावरील रामदर्शन

रामनवमीच्या मंगल पर्वी प्रभूचे दर्शन कोणी मूर्तीत घेतो, कोणी कथेत. आंध्र प्रदेशात ते पिढ्यान्‌पिढ्या चर्मपटातूनही घडत आले आहे. ‘तोलु बोम्मलाट’, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, हे त्याचे नाव.

चर्म म्हटले की सोवळे मन थबकते. परंतु ज्या मृदंगावाचून आमचे कीर्तन उभे राहत नाही, त्याच्या मुखावर चर्मच ताणलेले असते! या खेळास ग्रंथाधारही आहे. सतराव्या शतकातील महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर मूळचे गोदातीरीच्या कोपरगावचे. शांतिपर्वातील ‘रूपोपजीवन’ या शब्दाचा अर्थ सांगताना, तलम वस्त्राआडून चर्माच्या आकृती दाखविण्याच्या दाक्षिणात्यांच्या खेळाचा ते स्पष्ट निर्देश करतात.

या चर्माचा संस्कार पाहण्याजोगा आहे. शेळीचे कातडे भिजवून, केस खरवडून, ताणून वाळवितात. पादत्राणांच्या चामड्यासारखे ते कमावीत नाहीत. म्हणूनच ते पातळ, अर्धपारदर्शक राहते. त्यावर आकृती रेखून दोन्ही अंगांनी रंग भरतात. श्रीराम निळे, मारुतिराय हिरवे. मुकुट, कंठहार, वस्त्रांचे काठ येथे बारीक छिद्रे पाडतात. मागे दीप उजळला की तीच छिद्रे रत्नांसारखी लखलखतात. खांदे, कोपर दोऱ्याने जोडलेले असल्याने काठीच्या इशाऱ्यावर बाहुली हात हलविते आणि सूत्रधार ‘रंगनाथ रामायणा’तील पदे गातो.

विशेष हे की, निम्मलकुंटा गावचे हे कलावंत पडद्यामागे तेलुगू गातात. पण घरी मराठीचीच एक बोली बोलतात! तेथील दळवाई चलपती राव यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनीही चर्मबाहुल्या जपल्या असून, परशुराम गंगावणे यांना २०२१ साली तोच सन्मान लाभला.

तथापि सन्मानाने पडद्यामागील दीप तेवत राहत नाही. निम्मलकुंट्याचे अनेक हात आज दिव्यांची शोभिवंत आवरणे करून पोट भरतात. हस्तकौशल्य टिकले, कथा मात्र मूक होत चालली. उत्सवमंडळींस आमची प्रार्थना एवढीच, की रामजन्माच्या उत्सवातील एक रात्र या पडद्यास द्यावी. निर्जीव चर्मातून जेथे रामरूप प्रकाशते, तेथे अंधार का असावा?